बाळंतपणानंतरचे सुटलेले पोट : कोणती शस्त्रक्रिया, कोणासाठी?

‘डॉक्टर, बाळ दोन वर्षांचे झाले, पण पोट काही आत जात नाही.’ ही तक्रार पूर्वी दवाखान्यात क्वचित ऐकू येई. आता देहू, येलवाडी, तळवडे, माळवाडी या परिसरातून आठवड्याला दोन-तीन भगिनी तरी ती घेऊन येतात. कुणी चाकणच्या कंपनीत आठ तास उभ्याने काम करणारी असते, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी शेतात जाणारी. बसमध्ये कुणीतरी उठून जागा देते आणि विचारते, ‘कितवा महिना?’ हा प्रश्न किती जिव्हारी लागतो, ते ज्या बाईला ऐकावा लागतो तिलाच माहीत.

त्यात आता मोबाईलवर जाहिराती येतात. ‘पोट सपाट करून मिळेल, सवलत फक्त या महिन्यापुरती.’ ती जाहिरात दाखवून भगिनी विचारतात, ‘मिनी करू की फुल?’ जणू हॉटेलात राइस प्लेट मागवायची आहे. शस्त्रक्रियेचा प्रकार परवडेल तसा निवडायचा नसतो. तो पोट तपासून, त्यात नेमका बिघाड कोठे आहे ते पाहून ठरतो. पोट घट्ट करण्याच्या या शस्त्रक्रियेला वैद्यकीय भाषेत ‘अॅब्डॉमिनोप्लास्टी’ आणि बोली भाषेत ‘टमी टक’ म्हणतात. तिचे प्रकार कोणते, कोणता कोणाला योग्य आणि कोणाला मुळीच नको, याची माहिती आज घेऊ.

पोट ‘सुटते’ म्हणजे काय होते?

पोटाची भिंत तीन थरांची आहे असे समजा. वर त्वचा, तिच्याखाली चरबी आणि त्याखाली स्नायू. बेंबीच्या दोन्ही बाजूंना छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभ्या स्नायूंचे दोन पट्टे असतात. मधोमध एका चिवट पांढऱ्या पट्टीने ते एकमेकांना जोडलेले असतात. परकराची दोन पाने मधल्या शिवणीने जोडावीत तसे.

गर्भ वाढतो तशी ही शिवण ताणली जाते. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकीचे हे दोन पट्टे एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. हा रोग नव्हे, बाळाला जागा करून देण्याची निसर्गाची ती सोय आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन महिन्यांत पट्टे बऱ्यापैकी जवळ येतात. नंतर सुधारणा मंदावते. काहींमध्ये मात्र फट तशीच राहते. बेंबीच्या पातळीवर ती साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिला ‘डायस्टॅसिस’, म्हणजे स्नायू विलग होणे, असे म्हणतात. जुळी बाळे, मोठे बाळ, लागोपाठची बाळंतपणे यांत हा त्रास अधिक दिसतो.

त्वचेचे तसेच आहे. ती एका मर्यादेपर्यंत ताणते आणि परत येते. मर्यादा ओलांडली की आतले तंतू तुटतात, पांढऱ्या रेषा उमटतात आणि त्वचा सैल लोंबते. या रेषा कोणत्याही मलमाने नाहीशा होत नाहीत. चरबीचा भाग वेगळा आहे. ती खाण्यापिण्याने वाढते आणि खाण्यापिण्यानेच कमी होते.

म्हणजे ‘पोट सुटले’ या एकाच तक्रारीमागे तीन वेगळे बिघाड असू शकतात. एकीची फक्त चरबी वाढलेली असते, दुसरीची फक्त त्वचा सैल असते, तिसरीचे स्नायू विलग झालेले असतात आणि चौथीला तिन्ही त्रास असतात. शस्त्रक्रियेचा प्रकार यावरूनच ठरतो.

घरच्या घरी तपासून पाहा

सकाळी उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर उताणे झोपा आणि गुडघे दुमडा. एका हाताची बोटे बेंबीच्या जरा वर, मधोमध, आडवी ठेवा. आता हनुवटी छातीकडे नेत डोके किंचित उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट झालेले बोटांना जाणवतील. त्यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते पाहा. एक-दोन बोटांची फट ही काळजीची गोष्ट नाही. तीन किंवा चार बोटे आत जात असतील किंवा डोके उचलताच मध्यभागी उभा उंचवटा वर येत असेल, तर स्नायू विलग झालेले आहेत.

आता उभे राहून बेंबीखालची कातडी दोन बोटांत धरा. पातळ, सुरकुतलेली घडी हाती आली तर मुख्य दोष त्वचेचा. जाड घडी हाती आली तर चरबीचा.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. उताणे झोपल्यावर पोट खाली बसते का? सैल त्वचा आणि बाहेरची चरबी झोपल्यावर दोन्ही बाजूंना पसरते. झोपल्यावरही पोट घुमटासारखे उंच आणि टणक राहत असेल, तर कारण आत आहे. ती आतड्यांभोवतीची चरबी असेल, किंवा दुसरेच काही असेल. एक्केचाळीस वर्षांच्या एका भगिनीला ‘बाळंतपणापासूनच पोट आहे’ असे वाटत होते आणि त्या शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवत होत्या. झोपवून तपासले तेव्हा पोट एका बाजूला टणक लागले. सोनोग्राफीत अंडाशयाची मोठी गाठ निघाली. ती वेळेवर काढली गेली आणि साधी निघाली. म्हणून टमी टकचा विचार करणाऱ्या प्रत्येकीने आधी तपासणी करून घ्यावी, गरज असल्यास सोनोग्राफीही करावी. गाठ, जलोदर, गर्भाशयातील फायब्रॉइड किंवा चक्क नवीन गर्भारपण, यांतले काहीही ‘सुटलेल्या पोटा’च्या वेषात येऊ शकते.

शस्त्रक्रियेवाचून किती फरक पडतो?

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट सुती कापडाने बांधण्याची पद्धत आहे. त्याने कंबरेला आधार मिळतो, सीझरच्या टाक्यांवर खोकताना बरे वाटते. पण बांधल्याने विलग झालेले स्नायू जुळत नाहीत. फार आवळून बांधल्यास ओटीपोटावर खाली दाब येतो, म्हणून घट्ट गाठ मारू नये.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू याबद्दल माझी तक्रार नाही, संख्येबद्दल आहे. स्तनपान देणाऱ्या आईला जास्त अन्न लागते हे खरे, पण तूप-गुळाच्या लाडवांचे डबे आणि त्याबरोबर महिनोन्महिने हालचाल बंद, यातून जी चरबी चढते तिचा दोष बाळंतपणाला देता येणार नाही.

व्यायामाचा उपयोग नक्की होतो, मात्र योग्य व्यायामाचा. बाळंतपणानंतर लगेच उठाबशा किंवा झोपून उठण्याचे व्यायाम केल्यास मधला उंचवटा अधिकच पुढे येऊ शकतो. सुरुवात खोल श्वसनाने करावी. श्वास सोडताना बेंबी हळूच पाठीकडे ओढावी आणि लघवी रोखतो त्याप्रमाणे ओटीपोटाचे स्नायू आवळावेत. सीझर झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांच्या परवानगीने पुढचे व्यायाम सुरू करावेत. फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीनदा शिकून घेतले तर फारच उत्तम. तीन ते सहा महिने नेमाने केल्यास बऱ्याच जणींची फट कमी होते, पाठदुखी कमी होते, खोकताना लघवी निसटण्याचा त्रासही सुधारतो. लोंबणारी त्वचा मात्र कोणत्याही व्यायामाने आत जात नाही. तिथे फक्त शस्त्रक्रियाच उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

१) फक्त चरबी शोषून काढणे (लायपोसक्शन). बारीक छिद्रांतून नळी घालून त्वचेखालची चरबी ओढून घेतात. व्रण अगदी लहान राहतात. त्वचा तजेलदार आहे, स्नायू जागेवर आहेत, फक्त ठरावीक जागी चरबी साचली आहे, अशांना हे योग्य. आधीच सैल असलेली त्वचा यानंतर अधिक लोंबू शकते. आतड्यांभोवतीची चरबी यात निघत नाही. आणि हा वजन कमी करण्याचा उपाय नव्हे.

२) मिनी टमी टक. सीझरच्या व्रणाच्या जागी, त्याहून थोडा लांब छेद घेऊन बेंबीखालची जादा त्वचा काढतात. बेंबी हलवत नाहीत. बेंबीखालचे स्नायू थोडे आवळता येतात. सीझरच्या व्रणावर जी घडी ओघळते, तेवढ्यापुरताच त्रास असलेल्यांना हा प्रकार चांगला. बेंबीच्या वर फट किंवा सैल त्वचा असेल तर मिनीने काम अर्धवट राहते, आणि वरचा फुगवटा पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसतो.

३) पूर्ण टमी टक. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बहुतेक भगिनींना शस्त्रक्रिया करायचीच असेल तर हीच लागते. ओटीपोटावर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. त्वचा वर बरगड्यांपर्यंत सोडवतात. विलग स्नायू वरपासून खालपर्यंत टाक्यांनी जवळ आणतात. त्वचा खाली ओढून जादा भाग कापतात. बेंबी आपल्या देठावर तशीच राहते, तिच्यासाठी त्वचेत नवे छिद्र करतात. बेंबीखालच्या पांढऱ्या रेषा कापलेल्या त्वचेबरोबर जातात, वरच्या रेषा खाली सरकतात पण राहतात. व्रण लांब असतो, मात्र आतल्या कपड्यांखाली झाकला जातो.

४) विस्तारित टमी टक. हाच छेद दोन्ही कुशींपर्यंत मागे नेतात. कमरेच्या बाजूलाही त्वचा लोंबत असेल तर हा प्रकार. व्रण अर्थातच आणखी लांब.

५) कमरेभोवतीची शस्त्रक्रिया. छेद पाठीमागूनही पूर्ण फिरतो. तीस-चाळीस किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवलेल्यांसाठी ही आहे. नुसत्या बाळंतपणानंतर तिची गरज सहसा पडत नाही.

६) उभ्या छेदाची शस्त्रक्रिया. आडव्या छेदाबरोबर मधोमध उभा छेद घेतात. त्वचा आडवीही फार सैल असेल किंवा पोटावर पूर्वीचा मोठा उभा व्रण असेल तर तिचा विचार होतो. हा उभा व्रण कायम दिसतो.

७) फक्त स्नायू जुळवणे. त्वचा चांगली आहे, पण फट मोठी आहे आणि सोबत बेंबीचा हर्निया आहे, अशांमध्ये दुर्बिणीतून किंवा लहान छेदातून स्नायू जुळवता येतात. हर्निया असल्यास जाळी बसवतात. त्वचा कापायची गरज नसते. जाहिरातींत हा प्रकार क्वचितच दिसतो, पण काही भगिनींना नेमकी याचीच गरज असते.

आणखी एक प्रकार लोकांना टमी टकच वाटतो. पोटाची मोठी घडी मांडीवर लोंबते, तिच्याखाली घाम साचून सतत बुरशी आणि जखमा होतात. ती घडी तेवढी कापून काढणे हा आजारावरचा उपचार आहे. त्यात स्नायू आवळत नाहीत आणि बेंबीला नवा आकारही देत नाहीत.

प्रत्यक्ष उदाहरण देतो. तळवड्याच्या एका एकोणतीस वर्षांच्या भगिनीला दुसऱ्या खेपेला जुळी झाली. एका केंद्राने तिला सवलतीत ‘मिनी आणि लायपो’ सुचवले होते. पैशांसाठी ती गळ्यातले मोडायच्या तयारीत होती. तपासले तेव्हा बेंबीच्या वर चार बोटे आत जात होती आणि खोकल्यावर बेंबीत हर्निया उठत होता. हर्निया असलेल्या पोटात नीट तपासणीशिवाय चरबी शोषणारी नळी फिरवणे धोक्याचे असते, आत आतडे असू शकते. प्लास्टिक सर्जनने तिला पूर्ण शस्त्रक्रिया व सोबत हर्नियाची दुरुस्ती सांगितली. तिची सवलत हुकली, पण हर्निया तसाच ठेवून, गळ्यातले गमावून वर्षाने पुन्हा टेबलावर जाणे टळले.

उलट उदाहरणही आहे. चौतीस वर्षांची एक शिक्षिका, एक सीझर, बेंबीखाली छोटी घडी, फट जेमतेम एक बोट. तिला मिनी पुरेशी होती. लांब व्रण आणि भूल यांचा विचार करून तिने ती केली नाही. तो निर्णयही तितकाच बरोबर.

केव्हा करावी, केव्हा नको

पहिली अट, कुटुंब पूर्ण झालेले असावे. शस्त्रक्रियेनंतर दिवस गेले तर बाळाला सहसा धोका नसतो, पण आवळलेले स्नायू आणि त्वचा पुन्हा ताणली जाते आणि खर्च वाया जातो.

दुसरी अट वेळेची. बाळंतपणानंतर किमान सहा महिने, शक्यतो एक वर्ष थांबावे. स्तनपान बंद होऊन काही महिने गेलेले असावेत. ‘सीझर करतानाच पोटही टक करून द्या’ असा आग्रह काही जणी धरतात. तो धरू नये. त्या वेळी गर्भाशय मोठा असतो, त्वचेला सूज असते, किती कापायचे याचा अंदाज येत नाही. शिवाय बाळंतपणाच्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते.

तिसरी अट वजनाची. सहा महिने वजन स्थिर हवे. वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. उत्तर ३० च्या वर असेल तर आधी वजन उतरवा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ७२ किलो असेल तर हा आकडा ३० येतो. त्याच्या वर जखम न भरणे, जंतुसंसर्ग आणि गुठळीचा धोका वाढत जातो.

चौथी अट, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असताना हौसेची शस्त्रक्रिया करू नये. गर्भारपणात ज्यांना साखर झाली होती त्यांनी साखर तपासून घ्यावी.

पाचवी अट बोलायला अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. तंबाखू. ‘मी कुठे सिगारेट ओढते?’ असे भगिनी म्हणतात. आपल्या भागात मात्र तव्यावर भाजलेली मशेरी सकाळी दातांना लावण्याची सवय घरोघर आहे. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते. पूर्ण टमी टकमध्ये त्वचा मोठ्या भागावरून सोडवलेली असते, तिचा रक्तपुरवठा आधीच नाजूक झालेला असतो. त्यात निकोटिनची भर पडली तर बेंबीखालची त्वचा काळी पडून झडू शकते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू कोणत्याही रूपात नको. मशेरीची सवय सर्जनपासून लपवू नका. एका भगिनीला मशेरी सुटेना, म्हणून सर्जनने तारीख दोनदा पुढे ढकलली. तिला राग आला, पण सर्जनचे बरोबर होते.

धोके कोणते?

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे त्वचेखाली पाणी साचणे. ते टाळण्यासाठी काही दिवस बारीक नळी ठेवतात, कधी नंतर सुईने पाणी काढावे लागते. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणे, बेंबी किंवा व्रण वेडावाकडा होणे, ओटीपोटावर बधिरपणा राहणे हेही होऊ शकते. आपल्या त्वचेत व्रण जाड व काळपट होण्याची प्रवृत्ती बऱ्याच जणींत असते. कान टोचल्यावर किंवा सीझरनंतर गाठीसारखा व्रण उठला असेल तर आधी सांगा.

सर्वांत गंभीर धोका पायातील रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा. प्रमाण कमी आहे, पण सौंदर्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांत टमी टकमध्ये हा धोका जास्त समजला जातो. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, गरजेनुसार रक्त पातळ करणारी इंजेक्शने देतात. संततिनियमनाच्या गोळ्या घेत असाल किंवा घरात कुणाला अशी गुठळी झाली असेल तर ते सर्जनला सांगायलाच हवे. शस्त्रक्रियेनंतर एका पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.

मे २०२२ मध्ये बंगळूर येथे एका एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. प्रकृती बिघडल्यावर तिला सौंदर्योपचार केंद्रातून दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले होते. तरुण, निरोगी माणसाच्या बाबतीतही असे घडू शकते.

कोणाकडून, कोठे?

प्लास्टिक सर्जरी म्हणजे पाश्चात्त्यांची चैन, असा एक समज आहे. सुश्रुताचे नाव सर्वांना माहीत असते. पण आपल्या पुण्याजवळची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठा गडी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून युरोपातील सर्जनांनी हे तंत्र उचलले. पुढे १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. पोटाची जादा त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरचे डॉ. हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये नोंदवली आहे. म्हणजे हे शास्त्र जुने आहे आणि शिकून करण्याचे आहे.

म्हणून पाटीवर ‘कॉस्मेटिक’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नका. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस. डॉक्टरने ही शस्त्रक्रिया करू नये. माझे काम तुम्हाला तपासून योग्य जागी पाठवण्याचे आहे. रुग्णालय नोंदणीकृत आहे का, पात्र भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर राहणार का, रात्री डॉक्टर असतात का, अतिदक्षता विभाग कोठे आहे, हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून घ्या. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेला संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कागदावर नेमका प्रकार लिहिलेला हवा. मिनी की पूर्ण, स्नायू जुळवणार की नाही, हर्निया दुरुस्त करणार की नाही, जाळी बसवणार की नाही. व्रण कोठून कोठपर्यंत येईल ते आरशासमोर उभे राहून पेनाने काढून दाखवायला सांगा.

खर्च आणि विमा

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्येही हेच कलम असते. हर्नियाची दुरुस्ती मात्र आजारावरचा उपचार असल्याने बहुतेक पॉलिसींत, प्रतीक्षा कालावधी संपल्यावर, बसते. हर्निया असेल तर त्याचे बिल वेगळे मिळेल का आणि विमा कंपनी किती मान्य करील, हे आधी लेखी विचारा. सौंदर्याची शस्त्रक्रिया ‘हर्निया’ म्हणून दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. तो खोटा दावा ठरतो आणि अडचण पेशंटच्या गळ्यात येते.

सांगितलेल्या रकमेत भूलतज्ज्ञ, खोली, औषधे, दाबपट्टा, नंतरच्या भेटी आणि जीएसटी धरला आहे का, हे तपासा. गुंतागुंत झाल्यास पुढचा खर्च कोणाचा, हेही विचारा. नुसत्या दिसण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

नंतरचे सहा आठवडे

पूर्ण टमी टकला साधारण दोन ते चार तास लागतात आणि एक ते तीन दिवस रुग्णालयात राहावे लागते. पहिला आठवडा थोडे वाकून चालावे लागते, ताठ उभे राहिले की टाके ओढतात. दाबपट्टा साधारण सहा आठवडे वापरावा लागतो. बसून करायच्या कामाला दोन-तीन आठवड्यांनी जाता येते. कंपनीत उभ्याची पाळी किंवा वजन उचलण्याचे काम असेल तर सहा आठवडे तरी लागतात.

घरी काय होते ते मी पाहिले आहे. पाचव्या दिवशी बाई पाण्याचा हंडा उचलते, कारण दुसरे कुणी उचलत नाही. सहा आठवडे हंडा, गॅसचे सिलिंडर, धुण्याची बादली आणि कडेवरचे मूलही नको. मुलाला बसल्या जागी मांडीवर घ्यावे. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी घरात कोण येऊन राहणार हे ठरवा. कुणीच नसेल तर तारीख पुढे ढकला.

आपल्या गावचा एक खास प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ‘वारीला जाता येईल का?’ दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली असेल आणि जखम नीट भरली असेल, तर ज्येष्ठात पालखीबरोबर चालायला सहसा हरकत नसते. सर्जनला एकदा विचारून घ्यावे. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करून त्याच वर्षी पंढरपूरपर्यंत चालण्याचा हट्ट मात्र नको. व्रण लाल-जाड दिसतो, तो फिकट व्हायला वर्ष लागते.

निर्णय कोणाचा?

नवरा टोमणे मारतो, सासूबाई बोलतात, जावेचे पोट सपाट आहे, या कारणांसाठी टेबलावर जाऊ नका. टोमणे मारणाऱ्याला शस्त्रक्रियेनंतरही काही ना काही सापडतेच. पाठ सतत दुखते, हर्निया आहे, घडीखाली जखमा होतात किंवा स्वतःलाच मनापासून हवे आहे, आणि वर दिलेल्या अटी पूर्ण होतात, तर शस्त्रक्रिया करून घेण्यात लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. हौस आहे म्हणून कुणी तुम्हाला हिणवू नये आणि हौस नाही म्हणून कुणी भरीस घालू नये. मन सतत उदास असेल, बाळाकडेही बघावेसे वाटत नसेल, तर तो पोटाचा प्रश्न नव्हे. आधी त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा. फक्त चरबी असेल तर आहार, व्यायाम आणि क्वचित लायपोसक्शन. बेंबीखाली थोडी सैल त्वचा असेल तर मिनी. वर-खाली सैल त्वचा आणि विलग स्नायू असतील तर पूर्ण. त्वचा चांगली पण फट आणि हर्निया असेल तर फक्त स्नायूंची दुरुस्ती. आणि झोपल्यावरही पोट टणक राहत असेल तर सर्वांत आधी सोनोग्राफी.

या यादीत तुम्ही कोठे बसता, ते जाहिरातीवरून ठरवू नका. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या, मग प्लास्टिक सर्जनकडे जा आणि शक्य असल्यास दुसऱ्या सर्जनचेही मत घ्या. पोट वाट पाहू शकते. सवलतीची मुदत संपत असेल तर संपू द्या.